आलोच

भुतं म्हणे रात्रीची निघतात. म्हणोत बापडे. पेणकरपाड्यात हे घडलं ते भर दुपारी, खाली रिक्षावाले जागेवरून भांडत असताना.

संध्याने दुधाची पिशवी आणून सासूच्या, वैजयंताबाईंच्या हातात दिली आणि ती नवऱ्याच्या टेबलाशी बसली. याच खुर्चीत बुद्धभूषण गेला होता. आईने आतून "चहा झालाय रे" अशी हाक मारली, तो "आलोच" म्हणाला आणि आलाच नाही. चहा उतू जाऊन पातेलं करपलं, तेव्हा कुठे माउली बाहेर आली.

टेबलावर त्याचं अर्धवट राहिलेलं काम होतं. दवाखान्यात खाटेशेजारी ठेवायच्या, रोग्याच्या श्वासावर नजर ठेवणाऱ्या यंत्राचा बोर्ड आणि छोटा पडदा. कर्नल म्हणजे यंत्राचा सगळा कारभार हाकणारा मूळ प्रोग्राम; त्याचे संदेश त्या पडद्यावर लिहिणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, भूषणचा. नवरा-बायको एकाच कंपनीत, म्हणून आता तो तिच्या गळ्यात आला होता, खोटीसकट. यंत्र संकटात सापडलं की कर्नल कुलूप घट्ट धरून संदेश ओरडतो. कर्नलवाले या घडीला 'अटॉमिक' म्हणतात. तेव्हा कुणाची वाट बघत झोपायचं नसतं, कारण उठवायला कुणी येत नाही. भूषणचा ड्रायव्हर नेमका तिथेच झोपायचा. मग सगळं यंत्र गोठायचं. खाटेवरच्या माणसाचा श्वास अडकला, तरी कुणाला कळलं नसतं.

आणि यंत्र गोठलं, की त्या मेलेल्या पडद्यावर इंग्रजी लिपीत एकेक अक्षर उमटायचं... आलोच.

संध्याने सगळा कोड पालथा घातला. तो शब्द कुठेच नव्हता. एकदा तिने तो सासूला वाचून दाखवला. तेव्हापासून म्हातारी रोज दुपारी चहाचा कप पडद्यापुढे ठेवून बसायची.

"आई, आज हे दुरुस्त करतेय."

"मग त्यो बोलायचा न्हाई?"

"दवाखान्यात माणसं असतात, आई. कुणाची तरी लेकरंच ना..."

वैजयंताबाईंनी पदराच्या टोकाने पडदा पुसला. "कर बाई," त्या म्हणाल्या. "किती दिवस तिष्ठत ठेवायचं त्याला..." आणि चहा टाकायला आत गेल्या.

संध्याला रडू कोसळलं. रडत रडतच तिने वाट बघायला लावणारी ओळ खोडली. संदेश आधी नुसता बाजूला ठेवायचा आणि कुलूप सुटल्यावर मागाहून सावकाश लिहायचा, अशी सोय केली. मग यंत्राला मुद्दाम संकटात ढकललं. ते गोठलं नाही. पडदा कोराच राहिला. काम फत्ते झालं होतं, आणि आपण पुन्हा एकदा विधवा झालो असं तिला वाटलं.

मग बाजूला ठेवलेला संदेश सावकाश उमटू लागला.

आई... चहा झालाय... ये.

संध्याने तोंडावर हात दाबला. हे ती वाचून दाखवणार नव्हती, मेली तरी नाही.

"आलेच रे लेकरा," आतून वैजयंताबाई म्हणाल्या. कित्येक महिन्यांत त्यांचा आवाज इतका हसरा नव्हता.

"आई...? कुणाशी बोलताय...?"

करपलेल्या चहाचा वास आला.

संध्या आत धावली. वैजयंताबाई ओट्याखाली भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटून, अगदी निवांत. त्यांचा हात गार पडला होता. संध्याने हंबरडा फोडला.

वास घरभर होता. गॅस बंद होता, पातेलं मांडणीवर धुऊन पालथं घातलेलं होतं, आणि दुधाची पिशवी अजून फोडलेलीसुद्धा नव्हती.