आचऱ्याची एकशेवीस पानं

"ही पानं जुनी नाहीत," पुण्याच्या जाणकाराने सांगितलं आणि आचऱ्यात बोंब झाली.

देवळातली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले एकशेवीस गोल पत्ते, कोणीतरी बदलली होती. पेटीची किल्ली पुजारी लवूकडे. झालं, गावाने त्याला चोर ठरवून टाकलं. महिनाभर अंथरूण धरून लवू गेला.

त्याची बायको यशोदा उपनिरीक्षक संचिता राणेसमोर बसली होती. "माणूस काय परत येवचो नाय. तेच्या नावावरचो डाग तेवढो काढ, बाय."

लवूच्या जबाबात एकच कामाची ओळ सापडली. दोन वर्षांपूर्वी त्याने पानं लाखेचा नवा हात द्यायला सावंतवाडीला गंजिफा रंगवणाऱ्या काशीबाईंकडे दिली होती. आठ महिन्यांनी ती परत आली. मूळ पानं काशीबाईंच्या वडिलांनीच रंगवलेली.

संचिता पेटी घेऊन तिथे गेली. म्हातारीने तिला गोधडीवर बसवलं.

"ही कोणी केली?"

काशीबाईंनी पान डोळ्यांपासून लांब धरलं. "भायरच्या कोणीतरी. बाबांचो हात न्हय ह्यो."

"तुम्ही परत दिलीत ती?"

"ती बाबांचीच. लवूक मोजून दिलंय."

"लाखेला किती दिवस लागतात?"

"धा-बारा."

"मग आठ महिने?"

"हात दुखत होतो."

एका पानाची कड सुटली होती. संचिताने ती नखाने उचलली. आत खळीने चिकटवलेले कापडाचे थर होते, त्यावर बारीक निळी फुलं. तिने खाली पाहिलं. गोधडीवरही तीच फुलं होती.

"काशीबाई, पानांना घरातलं जुनेर लावतात ना? एका साडीची गोधडी झाली आणि उरलेल्याची ही पानं. ती याच घरात झाली. बारा दिवसांच्या कामाला आठ महिने लागत नाहीत, नवीन एकशेवीस करायला लागतात. हात वडिलांकडूनच शिकलात, म्हणून गावाला कळलं नाही. खरी कुठे आहेत?"

काशीबाईंनी गोधडीवरच्या फुलांवरून हात फिरवला.

"वाळवीन खाल्ल्यान. माळ्यार ठेवलेली. उघडलंय तर नुसती माती. बाबांची पानां माझ्या घरात गेली, ह्या खंयच्या तोंडान सांगू? लवूक धरल्यानी तेव्हा बोलाक होया होता. भियालंय."

संध्याकाळी संचिताने यशोदेला सगळं सांगितलं. "लवू निर्दोष होते. मी गावासमोर सांगते."

यशोदा रडली नाही.

"शेवटच्या दिवशी तेणां पाणी मागल्यान," ती म्हणाली. "दिलंय, आणि इचारलंय, पानां खंय विकलंस? तो माझ्याकडे बघीत रवलो. माका पण तो चोरच वाटलो, बाय."