अंगावर घातलेले टाके

खरं सांगतो, ही ऐकीव गोष्ट नाही. जिच्या हातून घडली ती माझी सख्खी मावशी. काशीमावशी. भुताखेताचं कुणी बोलायला लागलं की ही बाई त्याला उठवून विहिरीवर पाण्याला धाडायची. असल्या बाईनं मला हे सांगितलं आणि सांगताना दोनदा उठून दाराची कडी बघून आली.

साल १९८४. डिसेंबर महिना. मार्गशीर्षातला गुरुवार, दिवेलागणीची वेळ.

जागा... रत्नागिरीची मांडवी.

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मावशीच्या शिलाई मशीनचा खण मी स्वतः उघडून बघितलाय. त्याचं शेवटी सांगतो.

मावशीचं घर जेटीच्या जवळच. शिवाकाका, म्हणजे तिचे यजमान, जहाजावर नोकरीला. गेले की आठ-आठ महिने येत नसत. सासू-सासरे केव्हाच वारलेले. घरात दोघीच. मावशी आणि तिची नणंद राही. राही एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी, शिवाकाकांनी बापाच्या मायेनं वाढवलेली.

निघताना काकांचं दरवेळी एकच सांगणं असायचं. "घराचं काय ते होईल, काशी. माझ्या राहीला सांभाळ."

मावशी ब्लाउज शिवायची. हात इतका सफाईदार की वरच्या आळीतल्या बायकाही तिच्याकडे यायच्या. त्या सुमाराला फुग्याच्या बाह्यांचं खूळ परत आलं होतं. आज्यांनी मिरवलेलं, आयांनी टाकून दिलेलं, तेच आता पोरींना हवं होतं. मावशी कापड बेतता बेतता चिडवायची, "आज्यांचे फुगे फुटले तेव्हा कुठं होतात गो तुम्ही?"

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्या वर्षी नवाच कार्यक्रम ठरला. चाळीस वर्षांपूर्वीचे कपडे घालून मुलींनी स्टेजवरून चालायचं. राहीनं पहिलं नाव दिलं. मावशी म्हणाली, जुन्या पद्धतीचं शिवून देते. पण राहीचा हट्ट.

"नव्याचं जुनं नको, वयनी. खरं जुनं पायजे."

दोन घरं सोडून सोनूबाई राहायच्या. साठीच्या, एकट्या. त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती, जुन्या लुगड्यांची. मावशीनं मागितली. सोनूबाई जरा घुटमळल्या, पण मावशीला नाही म्हणवेना. दिली.

पेटी राहीनं उघडली. मावशी तेव्हा चुलीपाशी होती.

राही नाचतच आत आली. हातात पोलकं. जांभळ्या साटिणीचं, फुग्याच्या बाह्यांचं, पाठीवर हूक. इतक्या वर्षांत कुठं कसर नाही की डाग नाही. फक्त डावी बाही बोटभर आखूड होती.

मावशीनं ते धुतलं. लुगड्यांबरोबर अंगणातल्या तारेवर टाकलं. दुपारच्या उन्हात लुगडी खडखडीत वाळली.

पोलकं मात्र...

ओलंच.

दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी तिनं इस्त्री फिरवून ते वाळवलं. साटीण असते अशी, म्हणाली.

मग मापाला घेतलं. राही अंगानं बारीक, तिला ते सैल होत होतं. मावशीनं दोन्ही बाजूंना खडूच्या खुणा केल्या, शिवण उसवली आणि सुई टोचायला गेली...

तिचा हात थांबला.

कापडावर आधीच्या टाक्यांची भोकं होती. बारीक, रांगेत. पूर्वी कधीतरी कुणीतरी ते आत घेतलं होतं. बरोबर तिच्या खडूच्या रेघेवर. राहीच्याच मापानं.

असेल कुणीतरी बारीक अंगाची, असं मनाशी म्हणून मावशीनं मशीन चालू केलं.

आता तो गुरुवार.

मार्गशीर्षातले गुरुवार मावशी कडक करायची. त्या दिवशी घट मांडायचा होता, नैवेद्याचं पुरण शिजायचं होतं आणि इकडे राहीची निघायची घाई. केस बांधून झाले, वर अबोलीचा वळेसर माळून झाला, लिपस्टिक लावून झाली. मावशी पाठीमागे उभी राहून हूक लावत होती. मानेखालचा शेवटचा हूक तिच्या हातातच आला.

"काढ, बसवून देते."

"आता काढत नाय, वयनी. सगळे केस मोडतील. असेच घाल ना टाके."

तुमच्याकडे ठाऊक आहे की नाही कुणास ठाऊक. आमच्याकडे अंगावरचा कपडा शिवत नाहीत. अंगावर शिवतात ते मेलेल्या माणसाचं, असं म्हणतात. अगदीच वेळ आली तर जिच्या अंगावर शिवायचं तिच्या तोंडात दोऱ्याचा तुकडा देतात. टाका पुरा होईपर्यंत तिनं तो दातात धरायचा. मावशीनं कितीतरी गिऱ्हाइकांच्या तोंडात असा तुकडा दिला होता. त्या दिवशीही तोडून पुढे केला.

राहीनं मान फिरवली. "नको गो. लिपस्टिक जाईल."

पुरण खाली लागल्याचा वास आला. मावशीनं तो तुकडा खाली टाकला आणि दोन्ही कडा धरून चार टाके घातले. काळ्या दोऱ्यानं. घाईघाईनं.

"वयनी," राही आरशात बघत म्हणाली, "तुझे हात किती गार गो."

मावशी आत्ताच चुलीपासून उठून आली होती. तिचे हात कढत होते.

राही गेली. मावशीनं घट मांडला, पूजा केली, पोथी वाचली. उजेड कमी होत गेला. वाचताना तिचं लक्ष लागेना. जमिनीवर पडलेला तो दोऱ्याचा तुकडा सारखा नजरेसमोर येत होता.

दिवे लागायला सोनूबाई प्रसादाला आल्या. उंबऱ्याच्या आत आल्या तशा म्हणाल्या, "राही खय?"

"कॉलेजात. तुमच्या पेटीतलं पोलकं घालून गेलीय."

"कसलं पोलकं?"

"ते जांभळं. साटिणीचं."

प्रसादासाठी आणलेली वाटी सोनूबाईंनी हळूच खाली ठेवली.

"पेटीत पोलकं नव्हतं, काशी. लुगडी होती नुसती. मीच ठेवलंय घड्या घालून."

मावशीला वाटलं, म्हातारी विसरली असेल.

"फुग्याच्या बाह्यांचं हो. मानेपर्यंत हूक."

"डावी बाही..." सोनूबाईंचा आवाज खाली आला. "डावी बाही आखूड होती?"

मावशीनं मान डोलावली.

सोनूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. मग जे सांगितलं ते त्यांनी चाळीस वर्षांत मांडवीत कुणाला सांगितलं नव्हतं.

"माझी थोरली भैन. गंगा. लग्न झाल्यावर पयल्यांदा नवऱ्याकडं मुंबईला निघाली. तेव्हा बोटीनं जायचं. बोट लांब उभी ऱ्हायची, माणसं पडावाच्या होडीतून न्यायचे. मुंबईच्या बायका घालतात तसंच पोलकं पायजे म्हणून हटून बसली. कापड कमी पडलं, आवशीनं डावी बाही आखूड केलीन. ह्याच जेटीवर आलो तर मानेखालचा हूक तुटला. पडाववाला हाका मारत होता. आवशीनं तशेच उभ्या उभ्या टाके घातलेन. लाल दोरा होता हाताशी, त्यानंच."

"आणि तोंडात?"

"काय दिलं नाय. घाई होती."

बाहेर काळोख पडत चालला होता.

"पडाव बोटीला लागला. सगळी माणसं शिडीनं वर चढली. गंगा चढलेली कुणी बघितली नाय. पडलेली पण कुणी बघितली नाय. आवस मरेपर्यंत एकच बोलायची, दोरा द्यायचा ऱ्हायला."

मावशीनं विचारलंच.

"मग ते पोलकं तुमच्याकडे परत आलं कसं?"

सोनूबाईंनी तिच्याकडे बघितलं.

"परत कुठलं येतंय, बाय. ते तिच्या अंगावर होतं."

मावशी घटापुढून उठली ती तशीच अनवाणी धावली. पहिल्यांदा कॉलेजच्या रस्त्याला लागली. वळणावर राहीची मैत्रीण मैना भेटली. ती बक्षिसाचा स्टीलचा तांब्या घेऊन राहीच्याच घरी निघाली होती.

"राहीला पयला नंबर मिळाला. पण नाव पुकारलं तेव्हा ती नव्हतीच तिथं. जेटीकडं उतरताना बघितली कुणीतरी." मग सहज म्हणाली, "काशीवयनी, स्टेजच्या मागं राहीबरोबर ती म्हातारी कोण होती हो? तिच्या मानेशी टाका घालत बसलेली."

मावशी उत्तर द्यायला थांबली नाही. शिवाकाकांचं ते एक वाक्य तेवढं तिच्या डोक्यात घुमत होतं. माझ्या राहीला सांभाळ.

जेटीवर कुणी नव्हतं. बोटीची वर्दळ सरली तेव्हापासून संध्याकाळी तिथं गळ टाकून गरवायला बसणारे दोघे-तिघे तेवढे असायचे. आज तेही नव्हते.

आणि एक गोष्ट तिला उशिरा कळली...

समुद्राचा आवाज येत नव्हता.

लाटा दिसत होत्या. दगडावर येऊन फुटत होत्या. पण आवाज नाही. जन्मभर जो आवाज कानात होता तो नाहीसा झाल्यावर मावशीला आपणच बहिऱ्या झालो असं वाटलं.

मग आवाज आला. एकच.

चुबुक... चुबुक...

वल्ह्यांचा.

पाण्यावर होडी नव्हती.

राही जेटीच्या अगदी शेवटच्या पायरीवर उभी होती. पाणी घोट्यांवर आलेलं. उजवा हात पुढे केलेला, कुणी हात देऊन वर घेतं तेव्हा करतात तसा. पाठ मावशीकडे.

"राही."

राहीनं मागे वळून बघितलं नाही. पुढे, पाण्याकडे बघून ती बोलली.

"थांबा हो, मी येतंय. आवशीनं टाके घातलेन माझ्या."

राही आपल्या मेलेल्या आईला कायम 'आई' म्हणायची. आवस हा शब्द तिच्या तोंडी कधी नव्हता.

वल्ह्यांचा आवाज अगदी पायरीपाशी येऊन थांबला...

राहीनं पाऊल उचललं.

मावशीनं झेप घेऊन तिला कमरेला धरलं. एवढीशी पोर, पण जागची हलेना. उलट मावशीच पुढे ओढली जात होती, पुढून कुणीतरी तितक्याच जोरानं राहीचा हात ओढत असल्यासारखी. पोलकं चिंब ओलं होतं. राहीची पाठ गारठलेली होती.

कात्री घरी. हातात काही नाही.

मावशीनं राहीच्या मानेपाशी तोंड नेलं आणि ते टाके दातांत धरले. महालक्ष्मीचं नाव घेतलं, शिवाकाकांचं घेतलं आणि सगळा जीव लावून चावली. एक तुटला. दुसरा तुटला. तोंडात खारट पाणी आलं. तिसरा तुटला. चौथा काही केल्या तुटेना. हिरडीतून रक्त आलं तेव्हा तो तुटला.

राही तिच्या अंगावर कोसळली.

आणि समुद्राचा आवाज एकदम परत आला.

त्या आवाजात वल्ही लांब लांब जात होती. चुबुक... चुबुक...

मावशीनं तिथंच आपल्या पदराआड राहीच्या अंगातलं पोलकं काढलं, दगडावर टाकलं आणि तिला पदरात गुंडाळून घरी आणली. मागे वळून बघितलं नाही. सकाळी सोनूबाई आणि ती, दोघी जेटीवर गेल्या. भरतीचं पाणी त्या दगडाला शिवलंही नव्हतं. पण पोलकं तिथं नव्हतं.

राहीला आठ दिवस ताप होता. उठली तेव्हा तिला फक्त स्टेजवरच्या टाळ्या आठवत होत्या. पुढे तिचं लग्न झालं, आता दापोलीला असते, सुखात आहे. फक्त ब्लाउजचा मानेखालचा शेवटचा हूक ती कधीच लावत नाही. टोचतो, म्हणते.

मावशीनं त्या दिवसापासून फुग्याच्या बाह्या शिवल्या नाहीत. फॅशन जोरात होती, गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, तरी नाही.

आता त्या खणाचं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मावशीच्या लक्षात आलं की दातात दोऱ्याचा एक तुकडा अडकलाय. तिनं तो बोटानं काढला आणि दिव्यापाशी धरला. घातलेले टाके काळ्या दोऱ्याचे होते. तिनं स्वतः सुईत ओवलेला दोरा.

हा तुकडा लाल होता.

टाकून द्यायचा तिला धीर झाला नाही. मशीनच्या खणात, कुंकवाच्या रिकाम्या डबीत तिनं तो ठेवून दिला.

यंदाच्या, म्हणजे १९८९च्या मे महिन्यात मी मांडवीला गेलो होतो. तुम्हाला वाटतंय तसंच मलाही वाटलं, मावशी काहीतरी मनात धरून बसलीय. तिला म्हटलं, दाखव. तिनं बोटानं खण दाखवला. स्वतः उठली नाही.

मी डबी उघडली. बोटभर लाल दोरा. पाच उन्हाळे त्या खणात काढलेला.

मी त्याला हात लावला...

ओला होता.