दीड पान विराम

ट्युबा वाजवणाऱ्याचं मुख्य काम बसणं. हे मी गमतीने म्हणत नाही. पितळेचं एक अजस्र वाद्य मांडीवर घ्यायचं, वळसे घेत वर जाऊन कर्ण्यासारखं उघडणारं. आपला बराचसा देह त्याच्यामागे लपवायचा आणि बाकीचे लोक संगीत वाजवत असताना शहाण्यासारखं बसून राहायचं. मधूनच आपली पाळी येते. तेव्हा जमिनीखालून आल्यासारखे चार खोल सूर काढायचे आणि पुन्हा बसायचं. माझी ताई चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते. तिच्या मते वाद्यवृंदाने मला फर्निचर म्हणून घेतलंय. वाद्यवृंदातले लोक मला भोंगा म्हणतात. दोन्ही पदं मी आनंदाने सांभाळत होतो.

मग कागद गेले.

एका सकाळी तालमीला पोचलो तर प्रत्येकाच्या स्टँडवर कागदांच्या जागी एकेक टॅब. मॅडम, म्हणजे हातात काठी घेऊन उभ्या राहणाऱ्या आमच्या संचालिका, समोर होत्या. "आजपासून सगळी स्वरलिपी यात," त्या म्हणाल्या. "घरचा सरावही यावरच करायचा. ॲप तुमचं वाजवणं ऐकतं, चुका दाखवतं आणि दर आठवड्याला मला अहवाल पाठवतं."

"अहवाल वाईट आला तर पालकांना घेऊन यायचं का?" मी विचारलं.

बासरीवाली हसली. मॅडम हसल्या नाहीत. "पुढच्या हंगामात ट्युबाची खुर्ची ठेवायची की ते सूर कीबोर्डवर उरकायचे, हे अजून ठरायचंय. शेवटचा कार्यक्रम झाला की ठरेल. अहवाल बघून."

शेजारचे ट्रॉम्बोनवाले काका माझ्याकडे न बघता पुटपुटले, "फिटली हौस?"

शहरात दुसरा वाद्यवृंद नाही. आणि एकटाच ट्युबा वाजवत बसणारा भाऊ घरात ठेवून घेईल इतकी मोठ्या मनाची ताई अजून जन्मायची आहे. मला ती खुर्ची हवी होती. कमरेत बोचणारी, एक पाय आखूड असलेली, मागच्या रांगेतली. पण माझी.

म्हणून मी मुकाट सरावाला लागलो. ताईच्या घरात मागच्या बाजूला एक लहान खोली आहे. भिंतीला उभी केलेली जुनी गादी, खिडकीला जाड पडदा, एक कपाट, वर पंखा. तिथे टॅब मांडला. बरोबर वाजलेला सूर ॲप हिरवा करायचं. चुकलेला लाल. वाजवायला हवा होता पण ऐकूच आला नाही, तो करडा. जिथे काहीच छापलेलं नाही तिथे तुम्ही आगाऊपणे वाजवलंत, तर तिथे ते स्वतः एक लाल टिंब काढायचं. अवघड जागा अर्ध्या गतीने घोटून घ्यायचं. पान संपलं की आपणहून उलटायचं. माझ्याकडे इतकं लक्ष आजवर कुणी दिलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मी सुधारत होतो.

शेवटच्या कार्यक्रमात आम्ही एक नवी रचना वाजवणार होतो. तिच्या मधल्या भागात बासरीवाली एकटीच एक लांबलचक धून वाजवते. तेवढा वेळ माझ्या स्वरलिपीत दीड पान विराम. उभ्या रेघांनी पाडलेले खण, आणि प्रत्येक खणात गप्प बसण्याची ती लहानशी काळी खूण. आयुष्यात मला मिळालेलं हे सर्वांत सोपं दीड पान.

पहिल्यांदा घडलं तेव्हा मी वाद्यातलं पाणी काढत होतो. श्वासाची वाफ आत साठते, ती कळ दाबून मधूनमधून फडक्यावर सोडावी लागते. मान वर केली तर विरामाच्या एका खणात टिंब होतं. हिरवं.

पंख्याचा आवाज असेल, म्हणून पंखा बंद केला. पुढच्या खेपेला दोन टिंबं. फ्रिजची घरघर असेल, म्हणून प्लग काढला. (दूध नासल्यावर ताईने कारण विचारलं. "कलेसाठी," मी म्हणालो.) टिंबं वाढली. लाल असती तर मी एव्हाना सोडून दिलं असतं. घरात आवाज असतात, यंत्र फसतं. पण हिरवं म्हणजे बरोबर. तिथे काही छापलेलंच नव्हतं, मग हे बरोबर नेमकं कशाशी ताडून?

शेवटी मी ट्युबा पेटीत ठेवला, पेटी कपाटात कोंबली, ॲप सुरू केलं, खोलीचं दार ओढलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभा राहिलो. टळटळीत दुपार होती. कुठे काही आवाज नाही. बऱ्याच वेळाने परतलो. माझे छापलेले सूर करडे पडले होते, ते ठीकच. दीड पान विराम मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवा होता.

माझ्या गैरहजेरीत मी फारच छान वाजवलं होतं.

पुढच्या तालमीला मॅडमनी मला मुद्दाम थांबवून घेतलं. "मधल्या भागात तुमचा आवाज सुरेख लागतोय."

"मधल्या भागात मी गप्प असतो, मॅडम."

"तुमचे विनोद तुमच्यापाशी ठेवा." त्यांनी त्यांचा टॅब माझ्याकडे वळवला. अहवालासोबत ध्वनिमुद्रणही जात होतं, हे मला तेव्हा कळलं. आधी माझ्या खोलीतली शांतता ऐकू आली. पडद्याची कडी जराशी वाजली. मग कुणीतरी श्वास घेतला. पोटापासून, सावकाश, हवा मोजून घेतल्यासारखा. आणि मग एक खोल, गोल, अजिबात न थरथरणारा सूर.

मी श्वास घेतो तेव्हा सायकलच्या पंपासारखा आवाज होतो. सगळ्या मागच्या रांगेला तो पाठ आहे.

"हा मी नाही," मी म्हणालो.

"तुमच्या खोलीत दुसरं कोण बसणार?" मॅडम म्हणाल्या आणि निघून गेल्या. आयुष्यभर थट्टा करणाऱ्या माणसाची हीच पंचाईत असते. लांडगा आला तर आधी त्यालाच सिद्ध करावं लागतं की आपण लांडगा नाही.

त्यानंतर माझे सूर करडे व्हायला लागले. मी गाल फुटेस्तोवर फुंकत होतो, ओठ बधिर होत होते, खालच्या मजल्यावरच्या आजी काठीने छत ठोकत होत्या, आणि टॅबवर करडं, करडं, करडं. मग एक दिवस आजींचं ठोकणंही थांबलं. जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "सोडलंस का रे वाजवणं? देव पावला."

त्याच आठवड्यात तालमीत काका माझ्याकडे झुकून म्हणाले, "आज दबून का वाजवतोयस? मधल्या भागात तर छान घुमला होतास."

"मधल्या भागात मला विराम आहे, काका."

"असेल," काका म्हणाले. "मस्त घेतलास विराम."

त्या दिवशी जेवताना मी गप्प होतो. हे दुर्मीळ आहे, पण मी खरोखर गप्प होतो, ताटात बघत घास चावत होतो. समोरून ताई म्हणाली, "अरे, पण असं अचानक?"

"काय अचानक?"

"आत्ता म्हणालास ना, कार्यक्रम झाला की जाणार म्हणून."

"ताई, मी घास चावतोय."

"तोंडात घास घेऊन बोलू नकोस, हे तुला लहानपणापासून सांगतेय." तिने माझ्या पेल्यात पाणी ओतलं. "कुठे जाणार म्हटलं तर नुसता हसलास. आणि घसा बसलाय का तुझा? फार खालच्या पट्टीत बोलत होतास."

"मी हसलो नाही. आणि मी कुठेही जाणार नाहीये."

दुकानात भिंतीवरची अक्षरं चुकीची वाचणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ती जसं बघत असेल, तसं तिने माझ्याकडे बघितलं. "बरं बाबा," ती म्हणाली, "नको जाऊस."

इथे मला भीती वाटायला हवी होती हे मान्य. वाटलीही, ताट धुऊन होईपर्यंत. पण माझा स्वभाव असा की रांगेत कुणी मध्ये घुसलं, तर दुकान बंद होईस्तोवर मी भांडतो, मग मला काही घ्यायचं नसलं तरी. जो कोणी होता त्याला माझी गप्प बसण्याची जागा लागत होती. त्याशिवाय त्याला शिरता येत नव्हतं. ठीक. मी विरामच देणार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी दीड पान विराम सलग वाजवून काढला. मनाला येतील ते सूर, एकाला एक लागून, श्वास चोरून घेत. टॅबवर लाल टिंबांचा नुसता सडा. पानाला गोवर आल्यासारखा. पण हिरवं एकही नाही. मला इतका आनंद पहिल्या नोकरीच्या दिवशीही झाला नव्हता.

घरातही तेच. न्हाणीघरात मी शाम्पूच्या बाटलीवरचा मजकूर मोठ्याने वाचायचो. लिफ्टमध्ये अनोळखी लोकांना मजल्यांचे आकडे ऐकवायचो. जेवताना ताईला प्रत्येक घासाचं धावतं वर्णन. "अरे, जरा गप्प बस की," ती म्हणायची. "नाही बसणार," मी म्हणायचो. झोपेत मी घोरतो, तेव्हा तीही बाजू सुरक्षित होती.

आठवड्याअखेर मॅडमचा फोन आला. "मधल्या भागाचं काय करून ठेवलंय? सगळं लाल आहे. इतकं छान चाललं होतं."

"आता मी वाजवतोय, मॅडम."

"मग आधीसारखं वाजवा. मी खुर्ची ठेवायच्या बाजूने आहे, आता कसब तुम्ही दाखवायचं."

फोन ठेवला आणि पहिल्यांदा सगळा हिशेब लख्ख दिसला. गप्प बसलो तर खुर्ची वाचत होती. फक्त तिच्यावर मी नसणार होतो. वाजवत राहिलो तर खुर्चीच जात होती. मी बराच विचार केला. जायचीच असेल तर माझ्याखालून जाऊ दे, असं ठरवलं. फुकट कुणाला देणार नाही.

कार्यक्रम दुपारचा होता. सभागृह भरलं होतं. दिव्यांच्या झोतात धूळ तरंगत होती आणि लोक शेवटचं खोकून घेत होते. ताई पुढून तिसऱ्या रांगेत होती. पहिल्या भागात मी माझे सगळे सूर वाजवले. टॅबवर सगळे करडे पडले. मी तिकडे बघायचं सोडून दिलं.

मग बासरी सुरू झाली. पान उलटलं. विराम.

मी छाती भरून हवा घेतली आणि वाजवलं. मुद्दाम बेसूर, रुंद, म्हशीसारखा एकच सूर, बासरीच्या बरोबर खाली.

बासरीवालीची मान ताठ झाली. मॅडमचे डोळे माझ्यावर आले आणि तिथेच राहिले.

"भोंग्या," काका ओठ न हलवता म्हणाले, "थांब."

निदान ऐकू येत होतो. मी थांबलो नाही.

ट्युबा हवा पितो. बरगड्यांत कळ आली, डोळ्यांपुढे काजवे आले. मी सूर धरून ठेवला.

श्वास संपला. ओठ सुटले.

सूर थांबला नाही.

तो अर्धी पायरी खाली सरकला आणि बासरीच्या खाली नीट जाऊन बसला.

मी वाद्यावर तळहात ठेवला. पितळ गार होतं. जराही थरथरत नव्हतं.

मॅडमच्या चेहऱ्यावरचा राग विरघळला. त्यांनी डावा हात अलगद खाली आणला, हळू, अशी खूण केली. सूर हळू झाला.

मी पुन्हा फुंकलं. होतं नव्हतं ते सगळं फुंकलं. शेजारी काकांची पापणीही हलली नाही. टॅबवर लाल टिंबसुद्धा उमटलं नाही.

दीड पान हिरवं होत गेलं.

शेवटी टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. तिसऱ्या रांगेत ताई डोळे पुसत होती. मॅडमनी एकेकाला उभं केलं, आधी बासरीवालीला, मग थेट मागच्या रांगेकडे हात केला. त्यांची नजर माझ्यापेक्षा बरीच वर होती. त्या मान डोलावत होत्या.

सगळे उठले. मी उठलो नाही. खुर्चीच्या दोन्ही कडा धरल्या आणि सगळं वजन खाली दिलं.

"मी बसलोय," मी मोठ्याने म्हणालो. "आणि बसणार आहे."

काका टाळ्या वाजवत माझ्या बाजूला वळले. "राहिली बरं का खुर्ची," ते म्हणाले. मग माझ्या डोक्यावरून हात नेऊन, उभ्या माणसाची पाठ जिथे असते तिथे, त्यांनी दोनदा थोपटलं.

दोन्ही वेळा, जाड कोटावर थाप पडावी तसा आवाज आला.