ओवळीची माळ

सकाळी धवल अंगणात नळीने स्कूटर धूत होता. रात्रभर पडलेली ओवळीची, म्हणजे बकुळीची, बारीक पांढरी फुलंही त्याने पाण्याबरोबर गटाराकडे ढकलली. तेवढ्यात फाटक वाजलं.

"अहो! माझी फुलं!"

समोरच्या बंगल्यातली मुलगी होती. हातात रिकामी परडी.

"तुमची? झाड तर या अंगणात आहे."

"झाड शांतारामकाकांचं, फुलं द्वारकाकाकूंची, माळ मी करते." ती पाण्यातून फुलं उचलू लागली. "काकूंना जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्या फोटोला रोज ओवळीची माळ असते. आज काय घालू? स्कूटरचा फेस?"

धवल नळी बंद करून गटारापाशी बसला. दोघांनी मिळून मूठभर फुलं वाचवली.

आचोळ्याचा फ्लॅट तयार होईपर्यंत तो काकांकडे माडीवर भाड्याने आला होता. माणिकपूरची ही कॉलनी साठेक वर्षांची. स्टेशन जवळच, पण आत वळलं की नुसती झाडं, आणि दिवसभर उघडी फाटकं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी, हेमांगी, आली तेव्हा ओवळीखाली चादर अंथरलेली होती.

"ही तुमची पांघरायची ना?"

"उकडतं हल्ली..."

ती हसली. मग रोजच दोघं पायरीवर बसू लागली. केळीच्या सोपटाचा दोरा कसा काढायचा ते तिने शिकवलं. त्याच्या माळेत गाठीच जास्त.

"धवलची दिसतेय," काका म्हणाले. "द्वारकेने उसवून परत ओवायला लावली असती."

मे संपता संपता धवल म्हणाला, "फ्लॅटचा ताबा मिळाला. रविवारी जातोय."

हेमांगीची बोटं थांबली. "तिथे झाड आहे?"

"पार्किंग आहे."

"बरं झालं. स्कूटर स्वच्छ राहील."

"हेमांगी, मला—"

"चादर विसरू नका," म्हणत ती उठली.

सोमवारी सकाळी ती आली. फुलं नुसती मातीत पडली होती. दोन-चार वेचली, मग तशीच बसून राहिली... फाटकाशी स्कूटर थांबली. धवल उतरला. केस ओले, बगलेत चादर.

"काही राहिलं का तुमचं?"

"हो. सांगायचं राहिलं." तो थांबला. "मला रोज यायचंय. फुलांसाठी नाही... तुझ्यासाठी. चालेल?"

"एवढ्या लांबून?"

"हो."

"रोज?"

"रोज."

तिने चादरीचं एक टोक हातात घेतलं. "मग धरा नीट. मातीत लोळतेय."

माळ झाल्यावर काकांनी ती फोटोला घातली. रोज ती चौकटीच्या खालपर्यंत यायची.

"आज आखूड कशी?"

हेमांगीचा हात वेणीकडे गेला. धवल छताकडे बघू लागला. काकांनी वेणीतली फुलं पाहिली आणि कितीतरी दिवसांनी ते मोठ्याने हसले.

"द्वारका, आज एवढ्यावर भागव," फोटोला सांगून ते तिघांचा चहा टाकायला आत गेले.