पाचपेडी वेणी

झाडाखाली बसण्यासाठी साखळीहून इब्रामपूरला जायचं, हे देवकीला काही केल्या पटलं नव्हतं. साखळीत काय झाडं नव्हती? तिच्या परसात फणस होता, दोन माड होते, आणि त्यांच्याखाली बसायला कुणाची परवानगी लागत नव्हती. पण पणजीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रानातलं शिबिर आहे, मोठ्या धक्क्यातून सावरणाऱ्या बायकांसाठी. गोळ्यांनी व्हायचं तेवढं झालं, आता हे करून बघा." आणि देवकीचा नवरा शंभू लगेच उठून म्हणाला, "व्हर गो तिका. तूय मात सुशेगाद रावशी."

देवकीला झोंबलं ते हेच, तिला घेऊन जा म्हणजे तुलाही जरा आराम, हे म्हणणं. सिद्धीचं करताना आपण दमलो, असं तिनं कधी कुणाला म्हटलं होतं?

सिद्धी तिची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा सिद्धी भिंतीला धरून चालत होती आणि देवकी शाळेत होती. तेव्हापासून तिला न्हाऊ-माखू घालायचं काम देवकीचं. पुढे देवकीला मूल झालं नाही, तर लोक हळहळायचे. ती म्हणायची, देवानं माझं मूल आधीच पाठवलं होतं. मग सिद्धीचं लग्न झालं, ती डिचोलीला गेली, आणि देवकीचं घर ओस पडलं. गेल्या वर्षी खनिजाच्या ट्रकानं सिद्धीची स्कूटर उडवली. प्रज्योत, सिद्धीचा नवरा, जागीच गेला. सिद्धी वाचली, पण तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना, आणि तोंडातून 'हं' आणि 'ना' यांपलीकडे काही निघेना. देवकी तिला साखळीला घेऊन आली. बहिणीच्या कपाळी हे आलं म्हणून ती ऊर फुटेस्तोवर रडली, हे खरं. आणि सिद्धी परत आपल्या घरात आली म्हणून मनाच्या एका कोपऱ्यात तिला बरं वाटलं, हेही खरं.

रोज सकाळी ती सिद्धीचे केस विंचरायची. दाट, कमरेपर्यंतचे केस. साधी तिपेडी वेणी घालायची आणि काळी रिबीन बांधायची. फूल माळत नसे. तिला स्वतःला त्यात गैर वाटत नव्हतं, पण शेजारपाजारच्या जिभांना हाड नसतं. सिद्धीनंही कधी फूल मागितलं नाही.

शिबिर म्हणजे एका कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, टोकाला चार मातीच्या खोल्या, पत्र्याखालचं स्वयंपाकघर आणि मागं व्हाळ, म्हणजे ओढा. व्हाळाच्या पलीकडे रान सुरू व्हायचं ते थेट महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. स्नेहा नावाची तिशीतली बाई सगळं चालवायची. बोलायची पुस्तकातल्यासारखं, पण मनाची चांगली होती. आल्या आल्या तिनं सगळ्यांचे मोबाईल बिस्किटाच्या डब्यात घातले आणि नियम सांगितला: प्रत्येकीनं रानात आपली एक जागा निवडायची, सकाळी तिथं एकटीनं बसायचं, आणि दुसरीच्या जागेकडे कुणी फिरकायचं नाही. देवकी सोबत म्हणून आलेली; तिला जागा नव्हती. ती सावंतवाडीच्या रूपालीबरोबर भाजी चिरायची. रूपालीला नवऱ्याच्या माराचे वळ अजून होते, पण तोंड खणखणीत होतं.

सिद्धीनं निवडली ती जागा व्हाळाच्या पलीकडची. तिथं पुरुषभर उंचीची एक रोयण होती. रोयण म्हणजे वारूळ, पण या भागात तिला नुसतं वारूळ कोणी म्हणत नाही. सातेरी म्हणून तिच्यापुढे हात जोडतात. निदान देवीपाशी बसते आहे, म्हणून देवकीनं मनाचं समाधान करून घेतलं.

दोन-तीन दिवसांनी एका सकाळी सिद्धी रानातून परतली. देवकी चहा गाळत होती. पोदेर, म्हणजे पाववाला, नुकताच सायकलवरून ताजे उंडे टाकून गेला होता. सिद्धीनं हात पुढे करून उंडा घेतला, चहात बुडवला, आणि खायला लागली. कुणी भरवलं नव्हतं. देवकीला आनंदाचं भरतं आलं, आणि तेवढ्यात सिद्धी वळली.

सकाळी घातलेली तिपेडी वेणी पाठीवर नव्हती. तिच्या जागी पाच पेडांची, घट्ट आणि चापूनचोपून घातलेली वेणी होती. एक बट इकडची तिकडे नव्हती.

"कोणे घाली गो वेणी?" देवकीनं विचारलं.

"तिणें."

इतक्या महिन्यांत 'हं' आणि 'ना' सोडून सिद्धीनं उच्चारलेला हा पहिला शब्द. देवकीला तो ऐकून रडू यायला हवं होतं.

"ती कोण?"

"हांगाचीच," सिद्धी व्हाळापलीकडे बघून म्हणाली आणि दुसरा उंडा घेतला.

देवकीनं आधी रूपालीला गाठलं. ती हसायलाच लागली. "मी कशाक घालू? माका माझीच धड घालूक येणा नाय." बाकीच्या बायका आपापल्या दुःखात होत्या, त्या दुसरीच्या केसांना कशाला हात लावतील? मग ती स्नेहाकडे गेली. स्नेहाचे डोळे भरून आले. "देवकीताई, ती बोलायला लागलीय! वेणी कुणी घातली यापेक्षा तिनं घालू दिली, हे मोठं आहे."

तिनं घालू दिली! आणि इतके दिवस देवकी काय घोड्याची शेपटी विंचरत होती?

मग ते रोजचंच झालं. सकाळी देवकीनं घातलेली वेणी रानात सुटायची आणि दुसरी होऊन परत यायची. सिद्धी जेवू लागली, रूपालीच्या विनोदांना गालात हसू लागली, व्हाळावर स्वतःचे कपडे धुऊ लागली. बोलायची थोडंच, पण बोलण्यात 'ती' असायची. ती म्हणता पाणी थंड बरें. ती म्हणता दोळे मिटून बस. शिबिरातल्या बायका देवकीला म्हणायच्या, तुमच्या बहिणीच्या तोंडावर कळा आली हो. देवकी हसून मान डोलवायची आणि कांदा असा चिरायची की रूपाली विळी सांभाळायला सांगायची.

एक दिवस सिद्धीच्या वेणीत आबोलीची फाती, म्हणजे गजरा, होती. ताजी, केशरी, बोटभर अंतरानं नीट गुंफलेली. त्या कुळागरात आबोलीचं एकही झाड नव्हतं. देवकीनं सगळं कुळागर पालथं घालून पाहिलं. पण तिच्या मनाला लागलं ते दुसरंच. आपण लोकांना भिऊन जे फूल वर्षभर बहिणीच्या केसांत घातलं नाही, ते कुणा परकीनं घातलं होतं, आणि सिद्धी आरशासमोर उभी राहून मान वळवून वळवून ते बघत होती.

दुसऱ्या सकाळी देवकीनं नियम मोडला. वहाणा हातात घेऊन ती व्हाळ ओलांडून गेली आणि एका किंदळाच्या खोडाआड उभी राहिली.

सिद्धी रोयणीकडे पाठ करून बसली होती. देवकीला आधी याचाच राग आला. देवीकडे पाठ करतात का? सिद्धीचे केस मोकळे होते. मागं रोयण, भोवती पाचोळा, आणि दुसरं कोणी नव्हतं. वारा पडलेला होता.

तेवढ्यात सिद्धीचं डोकं किंचित मागं ओढलं गेलं. गुंत्यात फणी अडकल्यावर जातं, तसं.

"हळू गो," सिद्धी म्हणाली आणि हसली.

तिच्या पाठीवर केसांचे पाच भाग झालेले होते. एक पेड उचलला जायचा, दुसऱ्यावरून जायचा, खाली टेकायचा. मग पुढचा. घाई नव्हती. हवेत ओल्या मातीचा आणि खोबरेल तेलाचा वास होता.

भीती वाटली ती नंतर. आधी देवकीला जे वाटलं, तो निव्वळ मत्सर होता. हे हसू तिनं आपल्या हातानं वाढवलं होतं. लहानपणी सिद्धी असंच हसायची, तिच्याच मांडीत बसून.

"ताय बरी आसा," सिद्धी मागं न बघता सांगत होती. "पूण ताय वेणी घालताना रडटा. माका कळटा. तूं कदीच रडना."

देवकी तिथून निघाली, तेव्हा पायाखाली काटे आहेत की पाणी, हे तिला कळलं नाही.

ती देवी असती, तर देवकी पाया पडून गप्प बसली असती. पण देवी कुणाच्या वेण्या घालत बसत नाही, एवढं तिला ठाऊक होतं. ही कोणीतरी बाई होती. बाई म्हटल्यावर तिला बाईच्या रीतीनं वाटेला लावता येतं. देवकीच्या सासूनं एकदा असंच केलेलं तिनं पाहिलं होतं. अशा वेळी भांडायचं नाही. तिची ओटी भरायची, गाऱ्हाणं घालायचं, तुझ्या ठिकाणी सुखानं जा म्हणून सांगायचं आणि निघायचं. मागं वळून बघायचं नाही, आणि तिथलं काही म्हणजे काही परत आणायचं नाही.

दुपारी सगळ्या लवंडल्या, तेव्हा तिनं स्वयंपाकघरातून नारळ आणि तांदूळ घेतले, पिशवीतला कोरा खण काढला, आपल्याच डबीतलं कुंकू घेतलं. रोयणीच्या पायाशी तिनं खण पसरला, वर नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले. माती गार होती.

"माये, तूं कोण ती माका खबर ना," ती म्हणाली. "माज्या भयणीचें केलें, उपकार जाले. पूण ती माजी. आईन माज्याच हातांत दिली. तुजी ओटी भरली आसा. आतां तूं तुज्या थळाक वच."

पान हललं नाही. देवकीनं नमस्कार केला, ओटीतले चार दाणे उचलले आणि वळली.

दाणे उचलले ते हातानं, डोक्यानं नव्हे. जन्मभर तिनं बायकांच्या ओट्या भरल्या होत्या आणि आपली भरून घेतली होती. ओटीतले चार दाणे परत घ्यायचे असतात आणि घरच्या तांदळात टाकायचे असतात, घर भरलेलं राहावं म्हणून. इथं घर कुठलं? चालता चालता तिनं ते तोंडात टाकले, आणि व्हाळाच्या मध्यावर, कच्च्या तांदळाचं गोडसर दूध जिभेवर आलं तेव्हा, तिच्या लक्षात आलं.

थुंकायला गेली, तर तोंडात काही नव्हतं.

चार दाण्यांनी काय होतंय, असं ती स्वतःशी मोठ्यानं म्हणाली आणि पाय धुऊन वर आली.

सकाळी सिद्धी रानातून आली ती केस मोकळे घेऊनच. पायरीवर बसली. चहा निवला.

"ती आयली ना," ती म्हणाली.

ती आली नाही, हे ऐकून देवकीला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती, तीही थोडी वाटली. पण हायसं जास्त वाटलं. संध्याकाळपर्यंत सिद्धी पुन्हा 'हं' आणि 'ना'वर आली होती. रात्री देवकीनं तिला घास भरवला, तोंड पुसलं, पांघरूण घातलं. स्नेहा हवालदिल होऊन विचारत राहिली, "काही घडलं का, देवकीताई?" देवकीनं नाही म्हणून मान हलवली. कधीकधी असं होतं म्हणे, एक पाऊल पुढं, दोन मागं. आपण आहोत ना करायला.

दुसऱ्या दिवशी सिद्धी रानात गेलीच नाही. उन्हं खोलीच्या खिडकीतून आत आली, तेव्हा देवकीनं फणी आणि तेलाची बाटली काढली.

"यो बाय. हांव घालतां वेणी."

सिद्धी पाठ करून बसली, घरी बसायची तशी. देवकीनं तेल चोळलं, गुंता काढला. केसांचे तीन भाग केले.

हातात पाच आले.

तिनं सोडले, पुन्हा तीन केले. पुन्हा पाच. मग बोटं चालायला लागली. पाच पेडांची वेणी देवकीला कधी येत नव्हती. बोटांना येत होती.

ती थांबायला गेली. हात थांबेनात.

तिला रडावंसं वाटलं. रोज या वेळी डोळे भरून यायचे. आज ते कोरडे होते. तळहातांना ओल्या मातीचा वास येत होता.

सिद्धीचे खांदे सैल पडले. तिनं डोकं मागं टेकवलं आणि मग, वेणी अर्धी असतानाच, मान वळवून वर पाहिलं. ती देवकीच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. हळूहळू तिचा चेहरा उजळला.

"आयलीस गो? हांव म्हणटालें, तूं गेलीस."

हांव ताय गो, असं म्हणायला देवकीनं तोंड उघडलं. आतून बारीक हसू आलं. ते तिचं नव्हतं.

सिद्धीही हसली. अगदी रोयणीपाशी हसली होती तशी, भरभरून, देवकीच्या डोळ्यांत बघत. मग तिनं दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"बेगीन आटप. ताय आतां हांगाच होती. तिणें तुका बघल्यार तिका बिलकूल आवडचें ना."

देवकीची बोटं भराभर चालू लागली.