टोकाची रिकामी जागा

इमारत जुनी, विजेची जोडणी त्याहून जुनी, आणि विजेवरच्या गाड्या मात्र बघता बघता बारा झाल्या. सगळ्यांनी एकदम चार्जिंगला लावल्या की अख्खी इमारत गुडुप. शेवटी तिथेच राहणाऱ्या वायरमनने पाळ्या लावून दिल्या. एका वेळी चारच गाड्या. ही काही फुकटची हौस नव्हती. दुसऱ्या मजल्यावर त्याचे वडील ऑक्सिजनच्या मशीनवर होते आणि लाइट गेली की लावायचा सिलिंडर जेमतेम अर्धा तास पुरायचा.

तरी सोमवारपासून रोज दुपारी लाइट जायला लागली. पाळ्या सगळे पाळत होते, तरीही. वायरमनच्या अगदी नाकी नऊ आले.

रविवारी त्याने चारही गाड्या बंद करायला लावल्या आणि फाटकाजवळच्या बोर्डाशी, गाड्यांकडे जाणाऱ्या मुख्य वायरला मीटर लावला. सोळा अँपिअर. म्हणजे एक गाडी कुठेतरी निवांत वीज पीत होती.

"कोण हा शहाणा?" असं पुटपुटत तो एकेक वायर हाताने चाचपत निघाला. कोमट वायर पार टोकाच्या जागेशी पोचली. ही जागा कुणाचीच नव्हती. धुळीत चाकाची खूण नाही, सॉकेट मोकळं. पण चार्जिंगला लावलेल्या गाडीचा पंखा घरघरतो तशी घरघर येत होती, आणि कमरेच्या उंचीवर हवा गरम लागत होती.

तो दोन पावलं मागे सरला. पण वर बाबा होते. त्याने पक्कड काढली आणि वायर तोडली.

घरघर थांबली नाही.

तो बोर्डाशी परतला. सोळाच.

मग आकडा उतरू लागला. बारा. सात. तीन. गाडी पूर्ण भरत आली की तो असाच सावकाश उतरतो, हे त्याला पाठ होतं.

शून्य.

सुटलो एकदाचा, असं वाटून त्याने बहिणीला फोन लावला. "ताई, मशीन चालू आहे ना? आता लाइट जायची नाही."

"मशीन चालूच आहे रे," ती म्हणाली. "पण बाबा पलंगावर नाहीत. मी दूध तापवायला गेले, तेवढ्यात... तुझ्याकडे आलेत का?"

बाबांना दारापर्यंतसुद्धा चालवत नसे.

का कोण जाणे, तो जिन्याकडे न जाता टोकाच्या जागेकडे धावला.

घरघर बंद होती. चाकांची खूण आताही नव्हती. अनवाणी पावलं मात्र उमटली होती, डावं जरा फरपटलेलं, बाबांचंच. गाडीचं मागचं दार जिथे आलं असतं, तिथे ती संपली होती.

फोनवर ताई अजून विचारत होती. तिच्यामागे मशीन नीट चाललेलं ऐकू येत होतं.