अर्ध्यावर राहिलेला धुरा

मी थापा मारतो, हे आमच्या अख्ख्या तेलीबांधा मोहल्ल्याला ठाऊक आहे. मी वाघाला छत्रीनं हाकललं, ती थाप होती.

ही नाही.

राज्य नवं होतं. अभनपूरकडच्या शेतांतून नव्या राजधानीचे रस्ते निघत होते. माझा साळा दत्तोपंत, रेल्वेतून रिटायर झालेला, तिथं घर बांधत होता.

चैत्रातली भर दुपार. मजूर जेवायला गेलेले. पायासाठी खणलेल्या मातीचं घमेलं दत्तूनं स्वतःच डोक्यावर घेतलं.

"मूड़ मा माटी झन चढ़ा गा!" शेजारच्या शेतातून सुकवारो म्हातारी ओरडली. डोक्यावर माती घेऊ नको.

"क्यों दाई, तेरे बाप की है क्या?" दत्तू हसला.

आणि चालू लागला... सरळ, शेतातून.

"दत्तू, कुठं जाऊन राहिला बे?" मी हाक मारली.

तो चालतच राहिला.

वारा नाही. पाखरू नाही.

सुकवारोनं धापा टाकत सांगितलं. इथं दोन पारे, म्हणजे वस्त्या, वरचा अन् खालचा. मधल्या पट्टीवरून, जिथं आता दत्तूचा पाया खणलेला, पिढ्यान्‌पिढ्या डोकी फुटलेली. शेवटी जुना रिवाज ठरला... त्या जमिनीची माती डोक्यावर घेऊन एकानं चालायचं. तो चालेल तो धुरा, तीच शेताची हद्द.

खालच्या पाऱ्याचा माणूस खोटं चालला, वरच्यांची जमीन आत घेत. अर्ध्यात पडला.

प्रेत उचललं तर हद्द मान्य केल्यासारखं होईल. म्हणून दोन्ही पारे नुसते बघत राहिले.

कुणीच उचललं नाही.

"वो अभी तक चल रहा है, भैया. उतार माटी, नहीं तो ये भी वहीं गिरेगा."

मी धावलो.

डावीकडून शिव्या आल्या... उजवीकडूनही. माणूस एकही नाही.

दत्तूची मान खांद्यांत रुतत चालली होती. घमेलं उचलेना. आधी माझ्याच डोक्यावर ओढून घ्यावं लागलं. मग फेकलं.

दत्तू मटकन बसला. "भाऊजी, मले कोण शिव्या देऊन राहिलं होतं?"

सुकवारो त्याच्याकडे बघतच नव्हती.

ती माझ्या डोक्याकडे बघत होती...

ते घर झालं नाही. दत्तू शंकर नगरात मजेत आहे.

माझ्या उशीवर मात्र सकाळी पिवळी माती असते.

"डोकं धूत जा नं जरा!" बायको, वनमाला, करवादते.

रोज धुतो.

काल दुपारी तिनं मला मागून घट्ट धरलं. "अहो, कुठं चालून राहिले? समोर भिंत हाय!"

असेल.

मला तर दोन्ही बाजूंना उभी माणसं दिसत होती...

मी कुठं पडतो, ते बघत.